मिल हाऊसच्या गोंगाटात ऐकू येईल असा वॉकी शोधताना

मागच्या हंगामातली गोष्ट. साखर कारखान्यातली आमची रात्रीची आठ ते चारची शिफ्ट, आणि दोन नंबर मिलच्या पुढच्या इंटरकॅरिअरची (पिळलेला ऊस एका मिलमधून पुढच्या मिलला नेणारा) साखळी उतरली म्हणून मिल थांबवलेली. फिटर खाली साखळीपाशी आणि वर केबिनमध्ये अप्पा, आमचे गव्हाणीवरचे, म्हणजे ऊस मिलकडं नेणाऱ्या कॅरिअरवरचे जुने ऑपरेटर. दोघांच्या हातात वॉकी, म्हणजे वॉकी-टॉकी. आता बाहेरच्या माणसाला वाटेल की मिल थांबली म्हणजे शांत झालं असेल, पण उलटं असतं, मिल थांबली की वाफेचा खप एकदम पडतो आणि बॉयलरवरून वाफ सोडावी लागते, तो फुसाटा असा असतो की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नाही. फिटर खालून बोलला, "नको चालू करू, अजून पिन बसली नाय." अप्पांच्या सेटवर काय आलं तर "चालू करू" आणि पुढं नुसती खरखर.

अप्पांनी चालू करायचं बटण दाबलं नाही. त्यांची सवयच आहे, एकदा ऐकून ते काहीच करत नाहीत. त्यांनी परत विचारलं, परत खरखर, मग पोराला पळत खाली पाठवलं आणि पोरगा येऊन सांगतोय की अजून दोन माणसं साखळीत हात घालून बसलीत. (अशा कामाला मोटरचं आयसोलेशन (वीज पूर्ण तोडणं) आणि लॉक लागलेलंच पाहिजे, त्या रात्री ते का नव्हतं याची चौकशी आम्ही केली आणि आता कुलूप लागल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. पण तो वेगळा विषय आहे.) मी इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंटला आहे, वॉकी माझ्याच खात्यात येतात. त्या रात्री घरी आलो तरी झोप लागली नाही, कारण ते सेट मीच पसंत केलेले होते.

कसे पसंत केले होते सांगतो. "पाच वॉट, लांब रेंज, मोठी बॅटरी" असं बघून. बहुतेक लोक असंच घेतात. पण आमच्या गव्हाणीपासून रस उकळतात त्या बॉयलिंग हाऊसपर्यंतचं अंतर आहे काहीशे मीटर, त्याला दहा किलोमीटरच्या रेंजचं काय करायचं? सिग्नल आमच्याकडं पोचतच होता, दांड्या फुल होत्या. पोचत नव्हते ते शब्द. आणि दुरुस्तीच्या वेळी कधीही तक्रार आली की मी ऐकणाऱ्याचा सेट तपासायचो, आवाज वाढवायचो, स्पीकर बदलायचो. खरा घोटाळा बोलणाऱ्याच्या बाजूला होता. फिटरच्या तोंडातून निघालेला आवाज आणि ऊस कुटून धागे करणाऱ्या फायब्रायझरचा, वाफेचा आवाज हे दोन्ही एकाच माईकमध्ये मिसळून जात होते, आणि एकदा तिथं मिसळलं की पुढं कितीही भारी सेट असला तरी त्याला ते वेगळं करता येत नाही, तो मिसळलेलाच माल मोठा करून देतो. हे मला समजायला एक हंगाम लागला म्हणून एवढं लिहितोय, तुम्हाला लागू नये.

म्हणून वॉकी घेताना पहिला प्रश्न माईकचा. चांगल्या सेटमध्ये आता दोन माईक येतात, एक पुढं तोंडाकडं आणि एक मागं किंवा वर, मागचा फक्त आजूबाजूचा गोंगाट ऐकतो आणि आतली चिप पुढच्यातून तो वजा करते. ते चांगलं काम करतं, पण एका अटीवर, की दोन माईकमध्ये तुमच्या तोंडाच्या आवाजाचा फरक पडला पाहिजे. सेट हातभर लांब धरून ओरडलात तर दोन्ही माईकना तुम्ही सारखेच ऐकू येता आणि चिपला कळतच नाही की वजा काय करायचं. दोन-तीन बोटं अंतर, बस. आमच्यातली निम्मी माणसं मागच्या माईकच्या भोकावर बोट ठेवूनच सेट धरायची, ते मी स्वतः जाऊन एकेकाला दाखवलं.

आणि ओरडायचं नाही. गोंगाटात आपोआप आवाज चढतो, फ्रेंच डॉक्टर लोंबार्ड यांनी शंभरएक वर्षांपूर्वी हे सांगितलं म्हणून त्याला लोंबार्ड इफेक्टच म्हणतात, माणूस ठरवून करत नाही. पण वॉकीत एक मर्यादा घातलेली असते, तुमचा आवाज एका पातळीच्या वर गेला की सेट तो छाटतो, मग शब्द फाटतात आणि मोठे मात्र होत नाहीत. तोंड जवळ आणि आवाज बोलण्याचा, हे सवयीनंच येतं, पण आलं की त्याच सेटमधून वेगळाच माणूस बोलतोय असं वाटतं.

आता ऐकण्याची बाजू. दुकानदार सांगतो, साहेब हा एक वॉटचा स्पीकर आहे, त्याचा अर्ध्या वॉटचा होता. दुप्पट! पण आवाजाच्या हिशोबात दुप्पट पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त, कानाला जेमतेम जाणवेल एवढं. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. याउलट कानावर बसणारे इअरमफवाले हेडसेट बाहेरचा आवाज २० डेसिबलच्या आसपास अडवतात आणि बोलणं आत थेट कानाशी देतात. म्हणजे स्पीकर मोठा करण्यापेक्षा गोंगाट बाहेर ठेवणं कितीतरी स्वस्त पडतं. शिवाय आठ तासांच्या कामाला ९० डेसिबल ही आपल्याकडची कारखान्यातली मर्यादा आहे, फायब्रायझरजवळ आमचं मीटर त्याच्या बरंच वर जातं, तिथं कान तसाही झाकलेलाच पाहिजे. त्या जागेवर उघडा कान ठेवून, छातीवरचा स्पीकर फुल करून ऐकणं म्हणजे गोंगाटात आणखी गोंगाट. आमच्या मिल फोरमनना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, तीस वर्षं त्यांनी कापसाचा बोळासुद्धा घातला नव्हता, त्यांच्याशी बोलताना मला दरवेळी वाईट वाटतं.

हेडसेटचा बूम माईक हा आणखी वेगळा प्रकार, त्याला दोन्ही बाजूंनी भोकं असतात. लांबून येणारा आवाज दोन्हीकडून सारखाच दाबतो म्हणून तो खोडला जातो, आणि तोंडाचा आवाज एकाच बाजूनं जोरात येतो म्हणून तो राहतो. त्यामुळं तो ओठाला जवळजवळ चिकटलेला पाहिजे आणि सरळ बाजू तोंडाकडं पाहिजे. आमच्या एका पोरानं उलटा लावला होता, आठवडाभर आम्ही सेटला दोष देत होतो. गळ्याचा माईकही आणून बघितला, तो गळ्याची थरथर पकडतो, गोंगाट जवळजवळ येतच नाही. पण स, फ, थ ही अक्षरं गळ्यात तयारच होत नाहीत ना, ती जिभेवर-ओठांवर होतात, त्यामुळं बोलणं बोबडं येतं. वर घामानं पट्टा खाजतो म्हणून माणसं काढून खिशात ठेवायला लागली. ते बंद केलं.

'स'वरून आठवलं, हे खरंच महत्त्वाचं आहे. वॉकीमधून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'चा जो सुसकारा असतो तो बहुतेक त्याच्या वरचा. म्हणजे "सात" म्हणलं की पलीकडं "आत" पोचतं, "साठ" आणि "आठ" तर ओळखूच येत नाही. आमच्याकडं "साठ टक्क्यावर आण" हे दिवसात पन्नास वेळा बोललं जातं, कॅरिअरचा स्पीड. आता आम्ही आकडे सुटे बोलतो, "सहा शून्य". आणि 'नको' हा शब्द वॉकीवर बंद केलाय, पूर्ण बंद. कारण मराठीत 'नको' कुठं येतो बघा, एकतर सगळ्यात आधी, "नको चालू करू", नाहीतर सगळ्यात शेवटी, "चालू करू नको". आणि वॉकी नेमकी ही दोनच टोकं खातो. बटण दाबल्या दाबल्या बोललात तर पहिला शब्द जातो, कारण सेटला पाठवणं सुरू करायला आणि पलीकडच्याला उघडायला थोडा वेळ लागतो, आणि शेवटचा शब्द पूर्ण व्हायच्या आत बोट सोडलं तर तो जातो. त्या रात्री पहिलं टोक गेलं. आता थांबवायचं असेल तर "थांब थांब थांब", तीनदा, एवढंच. चालू करायचं असेल तर ऐकणाऱ्यानं तेच वाक्य परत म्हणायचं आणि खालच्यानं "बरोबर" म्हणल्याशिवाय हात लावायचा नाही. बटण दाबून मनात एक म्हणायचं आणि मग बोलायचं. नवीन माणूस आला की हे त्याला पहिल्या दिवशी शिकवतो, सेट चार्ज करायचं नंतर.

डिजिटल की अॅनालॉग, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. माझं मत आधी साधं होतं, डिजिटल म्हणजे नवीन म्हणजे स्वच्छ. शांत ऑफिसात ते खरंच आहे, डीएमआर (डिजिटल वॉकीचा एक प्रकार) सेटवर खरखर अजिबात नसते. पण डेमोला आणलेला एक साधा डिजिटल सेट मी फायब्रायझरपाशी नेऊन बोललो तर पलीकडं पाण्यात बुडून बोलतोय असं यायला लागलं, मधेच रोबोटसारखं, मधेच काहीच नाही. कारण असं आहे की डिजिटल सेट तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. तो सेकंदाला पन्नास वेळा ऐकतो, हा माणसाचा आवाज आहे असं धरून चालतो, सेकंदभराचं सगळं वर्णन साधारण २४५० बिटमध्ये बसवतो आणि पलीकडचा सेट त्या वर्णनावरून आवाज नव्यानं बनवतो. आत माणसाऐवजी यंत्र घुमत असेल तर वर्णनच चुकतं. अमेरिकेत अग्निशमनवाल्यांना हाच अनुभव आला होता, २००८ मध्ये तिथं चेन सॉ, धोक्याचा अलार्म असे आवाज लावून, तोंडावर मास्क चढवून रीतसर चाचण्या झाल्या आणि काही आवाजांमध्ये डिजिटलपेक्षा जुनं अॅनालॉगच जास्त समजलं. अॅनालॉगमध्ये गोंगाट सगळा येतो, पण माणसाचा मेंदू त्यातून शब्द वेचून काढतो, लग्नाच्या मांडवात आपल्या नावाची हाक ऐकू येते तसा.

म्हणून डिजिटल घेऊच नका असं नाही. ज्या डिजिटल सेटमध्ये आवाज आत बिटमध्ये बसवायच्या आधी गोंगाट गाळला जातो तो आमच्याकडं सगळ्यात चांगला चालला, त्या दोन माईकवाल्यांपैकीच. गाळणी आधी पाहिजे. आणि हे कॅटलॉगवर ठरत नाही हो, कॅटलॉगमध्ये सगळेच 'क्रिस्टल क्लिअर' असतात. दुकानाच्या काउंटरवर "हॅलो हॅलो चेक" करून तर मुळीच नाही. आम्ही विक्रेत्याला हंगाम चालू असताना बोलावलं आणि वीस शब्दांची यादी केली, सात, साठ, आठ, वर, बर, उघड, थांब, चालू, बंद, असे जवळजवळचे. एकानं फायब्रायझरशी उभं राहून ती उलटसुलट वाचायची, अप्पांनी केबिनमध्ये ऐकून वहीत लिहायचं. मग जागा बदलून. आमच्या जुन्या सेटवर निम्मे शब्दसुद्धा बरोबर आले नाहीत. ती वही मी मॅनेजमेंटपुढं ठेवली, दुसरं काही बोलायची गरज पडली नाही, नव्या सेटला मंजुरी त्याच आठवड्यात मिळाली.

अजून एक गोंगाट असतो जो कानाला ऐकू येत नाही. मिलच्या मोटरींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह, वेल्डिंग, हे रेडिओच्या लहरींमध्ये कचरा टाकतात. ड्राइव्हच्या पॅनेल रूममध्ये स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) ढिला ठेवलेला सेट एकसारखा हिसहिसतो. हा कचरा वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी होत जातो, म्हणून आणि लोखंडी शेडच्या फटीफटीतून लहरी जास्त चांगल्या शिरतात म्हणूनही आम्ही यूएचएफ घेतला, चारशेच्या पुढचे मेगाहर्ट्झ. मोकळ्या रानात असतो तर व्हीएचएफचा, म्हणजे त्याच्या खालच्या पट्ट्याचा विचार केला असता. सीटीसीएसएस टोन लावून घ्या, ऐकू न येणारा एक खालचा सूर असतो, ज्याच्या आवाजाबरोबर तो येईल त्यालाच तुमचा सेट उघडतो, नाहीतर बंद. त्यानं गुपित राहत नाही आणि दुसरा कुणी त्याच चॅनेलवर बोलत असेल तर अडथळाही टळत नाही, पण दिवसभराची फुकटची खरखर कानाला लागत नाही आणि मग माणूस आवाज बारीक करून ठेवत नाही. व्हॉक्स म्हणजे बोललं की आपोआप चालू होणारी सोय, ती मात्र गोंगाटात बंद ठेवा. यंत्राच्या आवाजानंच सेट चालू होतो आणि चॅनेल अडवून बसतो, थांब म्हणायची वेळ आली तर कुणालाच बोलता येत नाही.

लायसनचं थोडक्यात. आपल्याकडं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी पॉवरच्या सेटना २०१८ पासून विनापरवाना मोकळा आहे, सेटला ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची सरकारी) मान्यता मात्र पाहिजे. त्याबाहेरचं काहीही वापरायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेचा परवाना लागतो, सरल संचार पोर्टलवरून अर्ज होतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि जाहिरातीत परवान्याचा शब्द नसायचा, म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीसाठी नियमच काढले. आम्ही परवाना घेतला, वेळ लागला, पण पोलीस किंवा अॅम्ब्युलन्सच्या बोलण्यात आपण घुसतोय ही धास्ती राहत नाही.

आणि ज्यांच्याकडं डिस्टिलरी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळक सांगतो. इथेनॉलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, तिथं साधा वॉकी न्यायचाच नाही, आत बॅटरी बदलणं तर लांबच. त्या भागासाठी इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे वाफ पेटेल अशी ठिणगी न देणारे सेट वेगळे येतात, महाग असतात, पण तिथं दुसरा पर्याय नाही. आमचे त्या भागातले सेट पिवळ्या पट्टीचे आहेत आणि गेटवरच्या पेटीत राहतात, म्हणजे अदलाबदल होत नाही.

धुळीचं सांगायचं राहिलं. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो, एवढा पाहिजेच, कारण आमच्याकडं भुसा सगळीकडं उडतो. पण आयपी ६७ असला तरी माईकच्या भोकात बाहेरून भुसा बसतोच. डिसेंबरमध्ये एक चांगला सेट एकदम पुटपुटायला लागला, विक्रेता म्हणाला पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील. उजेडात धरून बघितलं तर माईकच्या जाळीवर भुसा, ग्रीस आणि उसाचा रस यांचं मिळून गूळ झालेलं, टणक. पिन घालायचा मोह होतो पण पिननं आतला पडदा फाटतो, मी कोमट पाण्यात किंचित ओलं केलेल्या मऊ ब्रशनं हळूहळू सोडवलं, पाच मिनिटात आवाज परत. आता दर सोमवारी सगळ्या सेटची जाळी साफ होते, ब्रश चार्जरच्या शेजारीच दोरीनं बांधलाय.

हे सगळं आत्ता लिहायला बसलो कारण परवा भाच्याचा फोन आला पुण्याहून. तो ढोल-ताशा पथकात आहे, विसर्जनाला त्याच्याकडं पुढच्या आणि मागच्या टोकाचा मेळ घालायचं काम आहे, "मामा, पाच वॉटचा घेऊ का?" म्हणतोय. मी म्हणलं थांब. तुझी रांग दोन-तीनशे मीटरची, वॉट सोड, विनापरवान्याच्या पट्ट्यातले मान्यतावाले सेट तुला पुरतील, रस्त्यावर पोलीस बंदोबस्त असतो, त्यांच्या जवळपासच्या फ्रिक्वेन्सीला चुकूनही जाऊ नकोस. पैसा हेडसेटवर घाल. ढोल खालच्या सुरात घुमतो, तो वॉकी थोडाफार गाळतो, पण ताशा बरोबर शब्दांच्या पट्टीत कडकडतो, तो गाळता येत नाही, त्याच्यापासून माईक वाचवायचा तर बूम ओठाशी आणि पाठ ताशाकडं. "पुढं चला" आणि "पुढं नका" असलं काही बोलू नका, एक "चल" आणि एक "थांब थांब थांब" ठरवा. तो म्हणाला विक्रेता दोन प्रकारचे सेट भाड्यानं द्यायला तयार आहे. मग रविवारी नदीपात्रात त्यांचा सराव आहे तिथं दोन्ही घेऊन ये म्हणलं, मी वीस शब्दांची यादी आणि अप्पांची वही घेऊन येतो.